डिस्कवरची मोहोर आणि बाईंचं नाव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेच्या संचालिका मॅडम, व्यासपीठावरील सर्व ज्येष्ठ मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि त्यांची लेक, माझ्या विभागातले सहकारी, आणि हातातली कामं बाजूला ठेवून इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

प्रथम अध्यक्षांची परवानगी घेतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मनोगत, पाच मिनिटे' असं छापलंय. पाच मिनिटांत माझं आटपणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी घड्याळाकडे खुशाल बघावं, फक्त चिठ्ठी पाठवू नये.

भाषण मी लिहून आणलं होतं. चार पानं आहेत, या खिशात आहेत. बाईंची शिस्त, बाईंचा वक्तशीरपणा, असं सगळं त्यात आहे, आणि खरं सांगायचं तर बरं जमलं होतं. पण अर्ध्या तासापूर्वी अध्यक्ष महोदयांनी मानपत्र वाचून दाखवलं. त्यातल्या एका वाक्यानंतर ही चार पानं माझ्या उपयोगाची राहिली नाहीत. ते वाक्य कोणतं, त्याकडे येतो. त्याआधी घरच्या मंडळींना आमचं काम थोडं समजायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी तेवढा वेळ सोसून घ्यावं.

आम्ही या संस्थेत कर्नेलवर काम करतो. कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्राम. त्याच्या परवानगीशिवाय यंत्रात पान हलत नाही. आमचा कर्नेल डायलिसिसच्या मशिनांवर चालतो. माणसाचं रक्त बाहेर काढून, शुद्ध करून परत आत सोडणारी ती मशिनं. तेव्हा त्यात कुणी भलताच प्रोग्राम घालू नये, याची काळजी घ्यावी लागते. त्यासाठी कर्नेलमध्ये सुरक्षा मॉड्यूल असतं. हा आमचा पहारेकरी. तो एकटा सगळीकडे उभा राहू शकत नाही. म्हणून कोडमध्ये ठरावीक जागी थांबून त्याला विचारायची सोय केलेली असते. फाइल उघडताना विचारा, प्रोग्राम सुरू करताना विचारा. त्या जागांना आम्ही हुक म्हणतो.

दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे असे दोनशेच्या वर हुक होते. पण डिस्कसाठी एकही नव्हता. आणि हे कुणाच्या लक्षात आलं? बाईंच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, जिथे फळ्याचा अर्धा भाग कधीच नीट पुसला जात नाही, तिथे बाई म्हणाल्या होत्या, "आपण फाइलीला विचारतो, तू कोण? पण ती कुठल्या डिस्कवरून उठून आली, हे कुणी विचारतं का?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू कर हे काम. जमेल तुला."

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. दोन वर्षांच्या करारावर होतो, आणि ती दोन वर्षं संपत आली होती.

बाईंना आम्ही बाई का म्हणतो, हे नव्या मंडळींना माहीत नसेल. त्या आमच्या विभागप्रमुख होत्या, पण मॅडम म्हटलेलं त्यांना रुचायचं नाही. शाळेतल्या बाईंसारख्या त्या आमचं कोड कागदावर छापून घ्यायच्या आणि पेन्सिलीने समासात शेरे मारायच्या. शेरा एकच. 'का?' दहा ओळींत चार 'का' आले की माणूस रडकुंडीला यायचा. एकाने तर वैतागून समासच इतका बारीक ठेवून छापलं की लिहायला जागा नको. बाईंनी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'समास का नाही?' हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

तर डिस्कचे हुक. आमच्या मशिनाच्या डिस्कवर मोहोर असते. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्यावरून एक आकडा काढतात, त्या आकड्यांवरून पुढचे आकडे, असं करत शेवटी एकच आकडा उरतो. डिस्कवरचं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा जुळत नाही. त्या आकड्यावर संस्थेची सही, ही झाली मोहोर. आता डिस्क सांभाळणाऱ्या कोडला मोहोर दिसते, पण पहारेकऱ्याला दिसत नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचं कसं, ते मला ठरवायचं होतं.

मी तीन हुक आखले. डिस्क यंत्राला जोडली गेली की पहारेकऱ्याने वहीत तिच्या नावाचं पान उघडायचं. डिस्क गेली की पान फाडायचं. आणि मधला हुक असा, की मोहोर पटली की त्या पानावर 'मोहोर आहे' अशी नोंद करायची. नंतर कुठलाही प्रोग्राम सुरू होताना पहारेकरी ते पान बघणार, नोंद असेल तर सोडणार, नसेल तर अडवणार. सुटसुटीत होतं. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाचाही बदल, म्हणजे आमच्या भाषेत पॅच, एकट्याच्या नावावर आत जात नाही. पॅचच्या खाली ओळी असतात. लिहिला कोणी, चाचणी कोणी घेतली, रिव्ह्यू कोणी केला. रिव्ह्यूच्या ओळीत ज्याचं नाव असतं, त्याने तो पॅच ओळ न ओळ वाचलाय, आणि उद्या बिघडला तर तोही उत्तर द्यायला उभा राहील, असा त्याचा अर्थ. ही ओळ ज्याची त्याने द्यायची असते. दुसऱ्याने परस्पर लिहायची नसते. हे आमच्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला बाईंनीच शिकवलं होतं.

त्याच सुमाराला बाईंच्या यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. काका, तुम्हाला आज असं ताठ बसलेलं बघून बरं वाटतं. बाई तीन आठवड्यांच्या रजेवर निघाल्या होत्या. हातात पिशवी, खांद्याला पर्स, फोन कानाला. मी त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात गाठलं. "बाई, पॅच तयार झालाय, बघितलात का?" त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वरवर बघितला रे. बरा दिसतोय. आल्यावर वाचते." आणि गेल्या.

तो आठवडा पुढच्या आवृत्तीत पॅच घ्यायचा शेवटचा आठवडा होता. हा पॅच त्यात गेला तर माझ्या नावावर एक मोठं काम लागणार होतं, आणि कायम नेमणुकीची बैठक महिन्यावर आली होती. रिव्ह्यूची ओळ रिकामी होती. मी जागेवर बसलो, 'बरा दिसतोय' हे शब्द दोनदा मनात म्हटले, आणि त्या ओळीत बाईंचं नाव टाईप केलं.

मला कुणी भाग पाडलं नाही. कुणी सुचवलंही नाही. बाईंचं नाव बघून वरच्यांनी प्रश्न विचारला नाही, कारण त्या नावावर सगळ्यांचा डोळे मिटून विश्वास होता. पॅच आत गेला.

सभागृहात जे माझ्या धंद्यातले आहेत, त्यांचे चेहरे मला इथून दिसताहेत. त्यांना कळलंय. बाकीच्यांसाठी पुढे जातो.

बाई परत आल्या. पहिल्याच दिवशी त्यांना पॅचखाली स्वतःचं नाव दिसलं. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, "हे मी केव्हा म्हटलं?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही जिन्यात म्हणालात ना, बरा दिसतोय."

"दिसतोय म्हटलं होतं. वाचला म्हटलं नव्हतं." मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता वाचते."

पण आवृत्तीची धांदल होती, रजेची सगळी कामं त्यांच्या टेबलावर साठली होती, आणि घरी आजारी माणूस. ते वाचणं मागे पडलं. मी आठवण करून दिली का? नाही दिली. त्या विसरल्यात हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पेढ्यांऐवजी मी सगळ्यांना पेनं वाटली होती, काहींकडे ती अजून असतील. फेकून द्या.

आठ महिन्यांनी फोन आला.

एका रुग्णालयात सर्व्हिसला गेलेल्या टेक्निशियनने दोन मशिनांवर चाचणीचा प्रोग्राम चढवला होता. आमच्या यंत्रणेत मशीन बंद न करता डिस्कच्या खालचा साठा बदलता येतो. डिस्कचं नाव तेच राहतं, आतला माल नवा. त्या चाचणीच्या साठ्यावर मोहोर नव्हती, त्यामुळे चाचणी संपून मशीन रुग्णासाठी सुरू केलं की पहारेकऱ्याने तो प्रोग्राम चालूच द्यायला नको होता. चुकून साठा तसाच राहिला तरी पहारेकरी अडवेल, याच भरवशावर टेक्निशियनही होता. तो काम करून गेला आणि मूळ साठा परत लावायचा राहिला. चाचणीचा प्रोग्राम पडद्यावर काय दाखवतो? नमुन्याचे आकडे. रुग्णाचे नाहीत, आम्ही आमच्या सोयीसाठी घातलेले.

दुपारच्या पाळीच्या सिस्टरना शेजारशेजारच्या दोन पलंगांवर अगदी सारखाच रक्तदाब दिसला. वरचा आकडा सारखा, खालचा सारखा, पाच मिनिटांनी परत बघितलं तरी सारखा. आणि त्यातल्या एका पलंगावरच्या माणसाला दरदरून घाम सुटला होता, डोळे वर गेले होते. त्या सिस्टरनी पडद्यावर विश्वास न ठेवता माणसावर ठेवला आणि दोन्ही मशिनं हाताने बंद केली. तो माणूस शिंपी होता. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून घरी गेला. सिस्टरचा चहा जरा लांबला असता तर तो घरी गेला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय.

पहारेकऱ्याने का अडवलं नाही? बाईंनी माझा पॅच छापून मागवला. त्या दिवशी तो त्यांनी पहिल्यांदा वाचला, मी समोरच्या खुर्चीत होतो. पंधरा मिनिटं लागली. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली आणि त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. मी लिहिलं होतं, मोहोर असेल तर मधला हुक बोलवा. बाई म्हणाल्या, "आणि नसेल तर?"

नसेल तर काहीच नाही. कुणी पहारेकऱ्याला सांगायला जात नव्हतं. डिस्क गेली नव्हती, म्हणून पान फाडलं नव्हतं. साठा बदलला, पानावर जुनीच नोंद राहिली. 'मोहोर आहे.' बाई म्हणाल्या, "अरे, ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, त्यानेही येऊन 'माझ्याजवळ काही नाही' असं सांगायला हवं. हुक कुठे लावायचा हे कुणीही सांगेल. तो वाजला नाही तर काय समजायचं, ते आधी ठरवावं लागतं."

जगात कुठेही असे हुक आखणाऱ्याने हे वाक्य टेबलावर चिकटवून ठेवावं. बाईंनी एक वाक्य सांगितलं, मी तीन ओळी बदलल्या, दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीबद्दल पुढे माझं कौतुक झालं, तेही याच सभागृहात.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष महोदय, आपण त्या समितीचे प्रमुख होतात. लांबलचक टेबल, मधोमध पाण्याचा जग, या बाजूला आम्ही दोघं. आपण विचारलंत, "हा पॅच वाचला कोणी होता?"

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी तो तोंडाला लावला. पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "रिव्ह्यू माझ्या नावावर आहे. जबाबदारी माझी."

आपण माझ्याकडे बघितलंत. मला वाटतं, दुसरं कुणी काही सांगतंय का याची आपण क्षणभर वाट पाहिलीत. मी पेला पुन्हा भरून घेतला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, असं का केलंत?" त्या म्हणाल्या, "नाव बघितलं त्या दिवशीच हा रिव्ह्यू माझा नाही, असं सगळ्यांना म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून ते माझंच." मी म्हटलं, "आणि मी?" त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, "तुझं तू बघ."

पंधरा दिवसांनी बाईंचं विभागप्रमुखपद गेलं. कर्नेलमध्ये पॅच घेण्याचा अधिकार गेला. त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं, जिच्या खिडकीची कडी लागत नाही म्हणून कागदाची घडी खोचावी लागते, आणि माहितीपुस्तिका लिहायचं काम दिलं. नऊ वर्षं त्यांनी ते केलं. एक दिवस उशिरा आल्या नाहीत, कुणापाशी चकार शब्द काढला नाही. दोन वर्षांपूर्वी मी विभागप्रमुख झालो, तेव्हा पहिलं अभिनंदन त्यांनी केलं. मी मान वर करून त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्यांना वाटलं असेल, विनय आहे.

आता मानपत्रातलं ते वाक्य. 'एक दुर्दैवी प्रसंग वगळता त्यांची संपूर्ण कारकीर्द निष्कलंक राहिली.' मानपत्राचा मसुदा गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. मी तो वाचला. हे वाक्यही वाचलं. आणि म्हटलं, असू दे, आता निरोपाच्या वेळी कशाला उकरून काढायचं, बाईंनाही आवडणार नाही. स्वतःची समजूत घालायला मी फार पटाईत आहे, हे एव्हाना आपल्या लक्षात आलं असेल.

पण ते वाक्य वाचलं जात असताना मी पहिल्या रांगेत बघत होतो. बाईंची लेक आईकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. बाळ, तू तेव्हा नववीत असशील. घरात तुला काय सांगितलं असेल, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नसेल. आईकडून कामात काहीतरी मोठी चूक झाली आणि तिची जागा गेली, एवढंच तुला उमजलं असेल, आणि तू ते शहाण्या मुलीसारखं पोटात ठेवलं असशील. म्हणून हे मी तुला उद्देशून सांगतो, सभागृहाने ऐकावं. तुझ्या आईने तो पॅच वाचलेला नव्हता. तिचं नाव मी लिहिलं होतं, तिला न विचारता. तिने तो वाचला तेव्हा पंधरा मिनिटांत चूक सापडली. आधी वाचला असता तर आधी सापडली असती, आणि तो शिंपी नेहमीसारखा डायलिसिस करून चालत घरी गेला असता.

बाई, तुम्ही हाताने बस म्हणताय, मला दिसतंय. काय म्हणालात? हो, ऐकू आलं. बाई म्हणताहेत, "पुरे आता, माझीही चूक होती त्यात." होती, बाई. तुम्ही तुमच्या चुकीची भरपाई नऊ वर्षं केलीत. माझी अजून सुरूही झालेली नाही. दोन मिनिटं द्या.

अध्यक्ष महोदय, आपण त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: तो पॅच कुणीही वाचला नव्हता. हे मी उद्या सकाळी लेखी आणून देतो. मानपत्रातलं ते वाक्य काढून नवीन प्रत होईपर्यंत हे बाईंच्या हाती देऊ नये, अशी माझी विनंती आहे. आपण मान हलवलीत, आभारी आहे. संचालिका मॅडम, विभागप्रमुखपदाबद्दल आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य असेल, आणि माझ्या बाजूने कुणी रदबदली करू नये. आमच्या कोडच्या इतिहासातली जुनी ओळ खोडता येत नाही, तशी सोयच नसते. पण खाली नवी नोंद जोडता येते. ती नोंद माझ्या नावाने जाईल, की तो रिव्ह्यू झालाच नव्हता आणि ते नाव लेखकाने परस्पर घातलं होतं.

नव्या मुलामुलींना एकच सांगतो. डिस्कवरची मोहोर खरी की खोटी, हे ओळखायला आपण केवढं मोठं यंत्र उभं केलंय. माणसाच्या नावाची मोहोर मात्र आपण एकमेकांच्या शब्दावर चालवतो. दुसरा उपाय मलाही माहीत नाही. तेव्हा जपा.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. अध्यक्षांनी वेळ वाढवून दिला, आणि आपण सर्वांनी एवढं जड ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात शब्द इकडचा तिकडे झाला असेल, एखादा मान राहून गेला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने सोडून द्यावं.

बाकीच्याची क्षमा सभागृहाकडे मागायची नाही. ती मी बाईंकडे मागतो. इथे, सगळ्यांसमोर, हात जोडून. बाई, उत्तर आज द्यायला हवं असं नाही. घरी जा, विचार करा, महिना लागो की वर्ष. आणि 'माफ केलं' असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत तुमच्या वतीने मी ते कुणालाही सांगणार नाही, स्वतःलासुद्धा नाही.